माडीवरची समता

खोली बघायला येणारी माणसं आधी नळ सोडून बघतात, पंखा लावून बघतात. समता आली ती सरळ मीटरच्या पेटीपाशी गेली. झाकण उघडून आत डोकावली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, ह्याले अर्थिंगच नाही. इथं राह्यणाऱ्याले एखाद्या दिवशी झटका बसंल."

मी खाली हाक मारली. लोणारला आमचं बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान आहे, घराच्या पुढच्या अंगाला. आमचे हे, म्हणजे मोतीराम, हात पुसत वर आले. समोर वीज कंपनीचा शर्ट घातलेली, पायात जाड तळाचे बूट, खांद्याला हत्यारांची पिशवी अशी मुलगी बघून ते जरा थबकले. वय असेल चोवीस-पंचवीस.

"इथल्या सबस्टेशनले लागली मी," ती म्हणाली. "बीबीची आहे. आम्ही बौद्ध आहोत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं."

त्याआधी दोन घरांत तिला, खोली कालच दुसऱ्याला दिली, असं उत्तर मिळालं होतं. हे मला नंतर कळलं. ह्यांनी थोडा वेळ त्या पेटीकडे बघितलं आणि विचारलं, "अर्थिंग कधी करशीन?"

"उद्या इतवार आहे. उद्याच करते."

अशी ती आमच्या माडीवर राहायला आली.

बीबी काही लांब नाही. एसटीने तासाभराचा रस्ता, कितीतरी लोक रोज येऊन-जाऊन नोकरी करतात. मी तिला विचारलं तेव्हा तिने शिफ्टचं कारण सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण घर सोडण्याचं खरं कारण तिच्या बोलण्यात हळूहळू, तुकड्या-तुकड्याने येत गेलं. बीबीच्या घरात खिडकीपाशी एक खाट होती. त्या खाटेवर तिचा मोठा भाऊ रवी वाढला आणि सतराव्या वर्षी तिथूनच गेला. त्याला सिकलसेल होता, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. समता तेव्हा तेरा वर्षांची होती. आईने ती खाट कधी हलवली नाही, त्यावर कुणाला बसूही दिलं नाही. घरातली सगळी कामं त्या खाटेला वळसा घालून चालायची.

"मले त्या घरात जागाच नव्हती काकू," ती एकदा म्हणाली. "म्हणजे घर मोठं आहे. पण तुम्हाले समजलं ना, मी काय म्हणून राह्यली ते."

मला समजलं होतं.

माडीवरची ती खोली म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात दुर्लक्षित जागा. भिंतीचा गिलावा पोपडे धरून पडत होता आणि पत्र्याच्या सांध्यातून पाणी यायचं. समताने आल्या महिन्यात पत्र्याला डांबर लावलं, मग भिंती खरवडल्या. सुटीच्या दिवशी सकाळपासून वरून घासण्याचा आवाज यायचा आणि दुपारी ती केसात चुना घेऊन खाली पाणी प्यायला यायची. ऑफिसात विजेच्या तारेचे मोठे लाकडी ड्रम येतात. रिकामे झाले की ते पडून राहतात. साहेबांना विचारून तिने दोन ड्रम आणले, फळ्या सुट्या केल्या, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केल्या आणि त्यांचं एक टेबल केलं, भिंतीला एक मांडणी ठोकली. मांडणीवर ठेवायला तेव्हा तिच्याकडे काही नव्हतं. आयटीआयची दोन पुस्तकं आणि एक टॉर्च, बस.

स्वयंपाक मात्र तिला अजिबात येत नव्हता. एकदा जळका वास आला म्हणून मी वर गेले, तर तव्यावर भाकरी म्हणावी असं काहीतरी धुमसत होतं आणि ही बाई त्याच्याकडे फॉल्ट सापडत नसलेल्या विजेच्या डीपीकडे बघावं तशी बघत उभी.

"घरी शिकली नाहीस?"

"आमच्या घरी स्वयंपाक म्हणजे भूक मारायचं काम. दादाले चालंल ते समद्याइले. माय दवाखान्यात असली की शेजारून यायचं."

मग मी तिला शिकवलं. पीठ गरम पाण्यात मळायचं, हाताच्या तळव्याचा जोर कुठे द्यायचा, भाकरी परतताना पाणी कधी फिरवायचं. तिचा हात कामाचा होता, लवकर शिकली. वांगी भाजून भरीत, लसणाचा ठेचा, अंबाडीची भाजी कण्या घालून. डाळबट्टी तर ती माझ्यापेक्षा चांगली करू लागली. पहिल्यांदा बट्टी जमली त्या संध्याकाळी ती ताट घेऊन खाली आली आणि आम्ही खाईपर्यंत जिन्यापाशी उभी राहिली. ह्यांनी दुसऱ्यांदा वरण घेतलं तेव्हा कुठे ती वर गेली. आमच्या पोरी लग्न होऊन लांब गेल्या आहेत. घरात असं कुणी आमच्या खाण्याकडे बघत उभं राहिल्याला बरीच वर्षं झाली होती.

प्रेमानंदची आणि तिची गाठ आमच्या दुकानातच पडली. तो इथल्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होता. गावात सगळे त्याला डॉक्टरच म्हणायचे. उंच, किडकिडीत, बोलताना थोडा वाकून बोलणारा. गाव त्याचं धाड, बुलढाण्याच्या पलीकडे. वडील लहानपणीच गेले होते, आई महामाया अंगणवाडीत मदतनीस. गाठ पडली त्या दिवशी दवाखान्याच्या भागातली लाईन गेली होती आणि तिथल्या फ्रीजमधल्या लसी खराब होण्याची भीती होती. तो बर्फाचा डबा छातीशी धरून आमच्या फ्रीजमध्ये जागा मागायला आला आणि नेमकी समता जिन्यावरून खाली उतरत होती, त्याच फॉल्टवर निघालेली.

"मॅडम, किती वेळ लागंल?"

"मले पोहोचू तं द्या," ती म्हणाली आणि गाडीला किक मारून गेली.

लाईन आली, डबा घेऊन तो गेला, पण काउंटरवर त्याचं एक पुस्तक राहिलं. कुणी एक माणूस छोट्या होडीतून एकटाच समुद्र पार करतो, अशी काहीतरी हकीकत होती. समताने ते सहज चाळायला म्हणून वर नेलं. परीक्षा सोडून तिने कशासाठी वाचलं नव्हतं. रोज संध्याकाळी उजेड असेतो ती गच्चीच्या कठड्याला टेकून, ओळीखाली बोट धरून वाचायची. खालच्या सरोवराच्या झाडीतून मोर ओरडायचे, तेही तिला ऐकू येत नसावेत. पुस्तक परत करताना तिने त्याला खाकी कव्हर घातलं होतं.

"समुद्र पाह्यला का तुम्ही?" तिने त्याला विचारलं.

"नाही ना. म्हणून तं वाचतो."

मग पुस्तकं येऊ लागली. तो दुकानात ठेवून जायचा, ती वाचून दुकानातच ठेवायची. पुढे तो स्वतः वर नेऊन द्यायला लागला. दार उघडं असायचं आणि मी जिन्यावरून येता-जाता दोघं भांडत असलेली ऐकायची, अमुक माणसाने तसं वागायला नको होतं आणि तमुक बाईने घर सोडलं ते बरोबरच केलं. मांडणी भरत गेली. प्रेमानंद वसतिगृहात राहून शिकलेला, भाकरी त्याला चांगली यायची. सुटीला भाकरी तो करायचा आणि भाजी ती.

तेव्हा तिचा स्वयंपाक खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवरच चालायचा. मागचा व्हरांडा बंद करून तिथे ओटा घालू का, असं तिने ह्यांना विचारलं. हे हो म्हणाले. तिचे वडील भाऊराव गवंडी. बीबीहून थापी-ओळंबा घेऊन दोन दिवस येऊन राहिले. कमी बोलणारा माणूस. विटा रचून झाल्या, कडप्पा कापायचा राहिला, तेव्हा ते टेप धरून म्हणाले, "ओटा कोणाच्या उंचीनं लावू?"

मी चहा घेऊन गेले होते. समता खाली बघत म्हणाली, "डॉक्टरच्या उंचीनं लावा बाबा. भाकरी ते करतात."

भाऊरावांनी टेप गुंडाळली. पुन्हा उघडली. बराच वेळ भिंतीवर खूण करत राहिले. मग विचारलं, "गाव कोणतं त्याचं?"

"धाड."

"आपल्यातले?"

"हाव."

"मंग घरी घेऊन ये त्याले," ते म्हणाले आणि आणखी एक वीट चढवली.

त्या लग्नाला कुणाचीच आडकाठी नव्हती. महामायाताईंना मुलगी पसंत होती, सिंधूताई म्हणजे समताची आई, तिला तर जावई नोकरीवाला म्हणून आनंदच. बीबीच्या विहारात लग्न करायचं, उन्हाळ्यात, एवढं ठरलंही. समता त्या दिवसांत गाणं गुणगुणत पाइप बसवायची. पण एका दुपारी मी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते, तर ती येऊन माझ्याशेजारी बसली आणि मिरच्यांची देठं खुडू लागली.

"काकू, मी त्याइले अजून विचारलंच नाही."

"काय?"

"रक्ताचं."

मग तिने मला सगळं सांगितलं. रवी आजारी पडला तेव्हा घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं होतं. आई आणि बाबा दोघांच्याही रक्तात सिकलसेलचा अर्धा वाटा निघाला, समताच्याही. असा अर्धा वाटा असणाऱ्याला काही होत नाही. तो धडधाकट जगतो. पण नवरा-बायको दोघंही तसे असले तर होणाऱ्या प्रत्येक लेकराला तो आजार व्हायची भीती असते, चारात एक.

"मले पह्यल्या भेटीपासून माहीत आहे, विचारावं लागते. रोज म्हणते उद्या विचारू. ते भाकरी करतात, मी पाहत राह्यते, अन् म्हणते, आजचा दिवस जाऊ दे."

"अगं, पण त्याच्यात नसेलही."

"नसंलही," ती म्हणाली. तिच्या हातातल्या मिरचीचं देठ केव्हाच तुटलं होतं, ती मिरचीच खुडत होती.

तिने विचारलं तेव्हा प्रेमानंद हसला म्हणे. रोज गाई-म्हशींचं रक्त काढतो, आपलं एकदा दिलं तर काय बिघडलं, असं म्हणाला. बुलढाण्याला जाऊन देऊन आला. काही दिवसांनी तो दुपारीच आमच्या दुकानात आला. हातात मोबाईल होता. गिऱ्हाईक होतं म्हणून तो खताच्या पोत्याला टेकून उभा राहिला. गिऱ्हाईक गेल्यावर त्याने फक्त एवढंच विचारलं, "समता वर आहे का काकू?"

तो वर गेला. मला वाटलं, बोलतील. पण वरून काही बोलण्याचा आवाज आला नाही. नुसती कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. मग शिट्ट्या होतच राहिल्या, कुणी गॅस बंद करेना. मी धावत वर गेले. ओट्याच्या एका टोकाला ती भिंतीला पाठ लावून बसली होती, दुसऱ्या टोकाला तो. दोघंही जमिनीकडे बघत होते. मी गॅस बंद केला आणि तशीच खाली आले. डाळीचा करपट वास रात्रीपर्यंत घरात राहिला.

प्रेमानंद लगेच हरला नाही. तो म्हणाला, आपल्याला मूल नको. तो म्हणाला, मोठ्या शहरात गर्भाची तपासणी होते. हे सगळं समताने मला नंतर सांगितलं.

"मी त्याइले म्हटलं, अन् तपासणीत निघालं तं? मंग काय करायचं? माह्या भावाले नाही म्हणायचं?"

"आणि मूलच नको म्हणतो, त्याचं काय?"

त्याचं उत्तर तिच्याकडे तेव्हा नव्हतं. ते महामायाताईंनी दिलं, आणि त्यांच्या मनात तसं काही नव्हतं.

त्या धाडहून मुद्दाम तिला भेटायला आल्या होत्या. समताने डाळबट्टी केली, मलाही बोलावलं. महामायाताई नीट जेवल्या. तिच्या हाताचं कौतुक केलं, मांडणीवरून हात फिरवला. कुणी विषय काढला नाही. हात धुऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुमी दोघं जे ठरवसान ते मले मान्य आहे बाई. मी त्याच्यात पडत नाही." मग पदराने हात पुसता पुसता, सहजच, जुन्या आठवणीने बोलल्यासारख्या म्हणाल्या, "लहान होता ना प्रेमा, तं मी अंगणवाडीतून यायच्या आधी गल्लीतले समदे लेकरं घरात गोळा करून ठेवायचा. कोणाले कडेवर, कोणाले पाठीवर. मी म्हणायची, बाबा, तुह्यं घर लेकराइनं भरंल."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. समताने त्यांना पाणी दिलं, बसपर्यंत पोहोचवून आली आणि येऊन सगळी भांडी घासली.

त्या आठवड्यात तिने त्याला नाही म्हणून सांगितलं. सरोवराच्या काठच्या रस्त्यावर दोघं उभे होते, गावातल्या कितीतरी लोकांनी बघितलं. तो पुढेही दुकानात येत राहिला. काही घ्यायचं नसायचं. काउंटरपाशी उभा राहायचा, ह्यांच्याशी पाऊसपाण्याचं बोलायचा आणि जिन्याकडे बघायचा. ती दुसऱ्यांच्याही ड्युट्या घेऊ लागली. मग त्याचं येणं कमी झालं, मग थांबलं.

हे घरी सांगायला ती बीबीला निघाली तेव्हा मला म्हणाली, "काकू, तुम्ही चाला संगं. मले एकटीले जमणार नाही." म्हणून पुढचं मी डोळ्यांनी बघितलं आहे.

सिंधूताई बारीक चणीची, करारी बाई. खिडकीपाशी ती खाट होती, चादर ताणून घातलेली. आम्ही खाली सतरंजीवर बसलो. समताने सांगून टाकलं, लग्न मोडलं, दोघांचं रक्त सारखं निघालं. भाऊरावांनी डोकं खाली घातलं. सिंधूताई मात्र म्हणाली, "त्याच्यानं काय झालं? आमचंही सारखंच होतं. संसार नाही केला का आम्ही?"

"तुम्हाले माहीत नव्हतं माय."

"माहीत असतं तं?"

"मले माहीत आहे ना. मी पाह्यलं आहे. थंडीत त्याचे हाडं दुखायचे तं तो उशी तोंडात धरून ओरडायचा, मले आवाज येऊ नये म्हणून. मले यायचा. मी अशा लेकराले जन्म नाही देणार."

सिंधूताई तिच्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे आमचा रवी जन्मालेच आला नसता तं बरं झालं असतं. असंच ना?"

"माय, मी तसं नाही म्हटलं."

"मंग कसं म्हटलं?"

मी काहीतरी बोलायला गेले, तर भाऊरावांनी हाताने मला थांबवलं. सिंधूताई उठली, खाटेच्या कडेला जाऊन बसली. इतक्या वर्षांत तिथे बसलेली ती पहिलीच असावी, कारण भाऊरावांनी चमकून वर बघितलं. ती आमच्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसली आणि आम्ही निघेपर्यंत वळली नाही.

परतीच्या जीपमध्ये समता म्हणाली, "दादानंच मले वायर जोडायले शिकवलं. खाटेवर पडल्या पडल्या. सेल अन् बल्ब घेऊन. बल्ब लागला की असा हसायचा. मी त्याले नको कशी म्हणीन?" मी तिचा हात धरून ठेवला. दुसरं काय करणार.

त्यानंतर आई-मुलीचं बोलणं बंद झालं. भाऊराव फोन करायचे, मागे सिंधूताई असायची, पण फोन हातात घ्यायची नाही. समता स्वयंपाक करायची, पण पूर्वीसारखं ताट घेऊन खाली यायची नाही. पुस्तकं तेवढी वाचायची. प्रेमानंदने बदली करून घेतली, धाडच्या बाजूला गेला. पुस्तकं परत घ्यायला आला नाही.

वर्ष-दीड वर्षाने त्याचं लग्न ठरलं. मुलगी वंदना नावाची, शिक्षिका. पत्रिका द्यायला तो आमच्याकडे आला, खालीच बसला. चहा घेतला. जाताना म्हणाला, "काकू, ह्या वक्ती आधी रक्त तपासलं, मंग मुलगी पाह्यली." त्याला ते हसून सांगायचं होतं बहुतेक, ते जमलं नाही. समताला मी पत्रिका दाखवली. तिने वाचली, "चांगलं झालं," म्हणाली. लग्नाच्या दिवशी तिची सुटी होती. त्या दिवशी तिने सकाळपासून आमच्या जिन्याच्या कठड्याला रंग दिला. मी जेवायला बोलावलं तर म्हणाली, रंग वाळंल काकू, ब्रश खाली ठेवता येत नाही.

पुढच्या पावसाळ्यात खांबावर काम करताना शिडी सरकली आणि ती पडली. जीव वाचला, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं. एका हाताने तिला केससुद्धा विंचरता येईनात. मी करतच होते, पण दोन दिवसांनी दुपारच्या गाडीने सिंधूताई आली. हातात पिशवी, आणि वर जाताना मला फक्त, "जेवली का ती?" एवढंच विचारलं.

त्या घरात ती पहिल्यांदाच पाऊल ठेवत होती. मी मागोमाग गेले. तिने भिंती बघितल्या, मांडणी बघितली, सरळ स्वयंपाकघरात गेली. ओटा तिच्या छातीपर्यंत येत होता. तिने इकडेतिकडे बघितलं, बसायचा पाट ओढला, त्यावर उभी राहिली आणि पीठ काढलं. समता दारात उभी होती, प्लास्टरचा हात पोटाशी धरून.

"एवढा उंच काऊन केला?" सिंधूताईने विचारलं. मग तिलाच आठवलं असावं. ती पुढे काही बोलली नाही. भाकरी थापू लागली.

ती महिनाभर राहिली. सुरुवातीला दोघींत कामापुरतंच बोलणं. वाचायला हवं असलेलं पुस्तक समताला एका हाताने धरवेना, पान उलटताना निसटायचं. मग सिंधूताई शेजारी बसून पान धरायची. तिला स्वतःला वाचता यायचं, पण सवय नव्हती. समता वाचता वाचता मोठ्याने वाचू लागली, आई ऐकू लागली. एक दिवस मी कपडे वाळत घालत असताना आतून वाचण्याचा आवाज थांबला आणि सिंधूताईचा आला.

"त्यानंही मले विचारलं होतं."

"कोणी?"

"रवीनं. जालन्याच्या दवाखान्यात. म्हणे, माय, मी नसतो तं तुहे एवढे हाल झाले नसते ना? मी म्हटलं, तू नसता तं मले पह्यल्यांदा माय कोण म्हटलं असतं? त्याले बरं वाटावं म्हणून नाही म्हटलं मी. खरंच होतं ते."

मग समता म्हणाली, "मले तं कोणीच नाही म्हणणार माय."

सिंधूताईने त्यावर समजूत घातली नाही. उगाच दुसरं स्थळ बघू, देव आहे, असलं काही म्हणाली नाही. मी दारातून बघितलं तेव्हा ती मुलीच्या डोक्याला तेल लावत होती आणि दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज न करता. मी ओली चादर घेऊन तशीच खाली आले.

प्लास्टर निघालं, सिंधूताई गेली. जाताना मला म्हणाली, "तुम्ही तिले रांधाले शिकवलं. ते माह्यं काम होतं." मी म्हटलं, तुमचे हात रिकामे कुठे होते.

ह्या हिवाळ्यात बीबीला आरोग्य खात्याचं सिकलसेल तपासणीचं शिबिर झालं. विहारापुढच्या मंडपात. कुणीतरी समताचं नाव सुचवलं, की ही शिकलेली आहे, नोकरीवर आहे, दोन शब्द बोलेल. ती नको नको म्हणत होती. शेवटी हो म्हणाली आणि मी सोबत गेले. सिंधूताई बायकांत पुढे बसली होती, मी तिच्या बाजूला.

समताने माइक हातात घेतला. तिने लिहून वगैरे काही आणलं नव्हतं.

"जयभीम. मी इथलीच आहे, तुम्ही समदे मले ओळखता," ती म्हणाली. मंडपात गोंगाट करणारी पोरंबाळं गप्प झाली. "पोरा-पोरींनो, रक्त लवकर तपासून घ्या. लग्न ठरल्यावर नाही. कोणी आवडाच्या आधी."

एवढंच बोलली. माइक खाली ठेवला आणि मंडपाच्या मागे जाऊन उभी राहिली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग एक पोरगी उठली आणि सिस्टरच्या टेबलापाशी रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्या मागे आणखी दोघी गेल्या.

सिंधूताईच्या पलीकडे बाहेरगावची एक बाई बसली होती, गावात नव्याने सून म्हणून आलेली. तिने वाकून विचारलं, "तुमची पोरगी का हो मावशी?"

"हाव," सिंधूताई म्हणाली. "माह्यी आहे. रवीच्या पाठची."